कालप्रवासाची मोहीम: सदाशिव पेठेतून पानिपताकडे

कालप्रवासाचा खेळ मांडायचा आणि तो पुण्यात मांडायचा, एवढे ठरले की टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी पहिल्या दहा मिनिटांतच म्हणते: चला, १७६१ मध्ये जाऊन भाऊंना सावध करू. मराठी माणसाला काळयंत्र मिळाले तर तो आधी कुठे जाईल, याविषयी फारसा मतभेद संभवत नाही.

हा धागा त्या मोहिमेच्या आखणीविषयी आहे. मोहीम सदाशिव पेठेतून निघते. आखणी नीट केली, तर पानिपताविषयीच्या अनेक ठाम समजुती पहिल्या दोन-तीन बैठकांतच डळमळू लागतात.

ज्यांना हा खेळप्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि ते पात्र काय करते ते सांगतो. सूत्रधार परिणाम सांगतो. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. अशा अनेक बैठकांची मिळून जी सलग कथा होते तिला इंग्रजीत ‘कॅम्पेन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, ‘मोहीम’ हा शब्द अडीचशे वर्षांपूर्वीपासून तयार आहे.

या खेळाचे मूळ लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशावर खेळायचा युद्धखेळ रचला. मुलाचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात निकाल देणारा पंच होता. आजच्या सूत्रधाराचा तो पूर्वज. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियमपुस्तक लिहिले. म्हणजे कालप्रवास आणि टेबलावरचे युद्ध ही दोन्ही वेडे एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी राहत होती. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि फौजेच्या जागी एकेक पात्र उभे राहिले. दहा वर्षांच्या आत कालप्रवासाचे छापील भूमिकाखेळही निघाले.

आता पुणे. सदाशिव पेठेचे नाव ज्या सदाशिवरावभाऊंवरून पडले, ते चिमाजीअप्पांचे पुत्र आणि पानिपतावर मराठी फौजेचे सेनापती. याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ते ७ जुलै १९१० रोजी स्थापन केले. पानिपताच्या काळातील पत्रे घरोघरच्या दप्तरांतून, माळ्यांवरून आणि रद्दीतून वाचवण्याचे काम ज्या पिढीने केले, तिचे हे घर. मोहिमेचे काळयंत्र कुठे ठेवावे असा प्रश्न असेल, तर या पेठेइतकी योग्य जागा दुसरी नाही. नावात सेनापती आणि कपाटात त्याच्या काळाची कागदपत्रे.

मराठीत ही वाट आधी जयंत नारळीकरांनी चोखाळली आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेत पुण्याचा एक इतिहासकार अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतो, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. फरक कशाने पडला? विश्वासरावांना लागणारी गोळी त्या जगात त्यांना चाटून गेली. एक गोळी, काही अंगुळांचे अंतर, आणि दोन वेगळे हिंदुस्थान. कथा म्हणून ही कल्पना अत्यंत देखणी आहे.

खेळ म्हणून ती निरुपयोगी आहे. त्या दुपारी रणांगणावर पोहोचलेल्या खेळाडूने करायचे काय? हजारो बंदुकांतून निघालेली नेमकी कोणती गोळी अडवायची? १४ जानेवारी १७६१ हे मोहिमेचे दार ठेवले, तर खेळाडू केवळ प्रेक्षक उरतात. म्हणून सूत्रधाराचे पहिले काम म्हणजे त्या तारखेपासून उलट चालत जाणे आणि जिथे माणसाच्या निर्णयाने काही बदलू शकत होते असा क्षण शोधणे.

उलट चालू या. लढाईच्या दिवशी मराठी फौज उपाशी होती. छावणीत धान्य आणि वैरण संपली होती, म्हणूनच बाहेर पडून लढण्याचा निर्णय झाला. धान्य का संपले? कारण नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर तळ देऊन बसल्या होत्या आणि मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता तुटला होता. शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. रस्ता का तुटला? कारण २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊ व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला.

बागपतचे दार. इथे मात्र सूत्रधाराने रेंगाळावे.

ऑक्टोबरात भाऊ दिल्लीच्या उत्तरेला, यमुनेच्या पश्चिम तीरावर, कुंजपुऱ्याला होते. १७ ऑक्टोबरला त्यांनी ते ठाणे घेतले. धान्य आणि पैसा हाती आला. दत्ताजी शिंद्यांचा शिरच्छेद करणारा कुतुबशाहही तिथेच मारला गेला. विजय खराच होता. भाऊ त्यानंतर कुरुक्षेत्राकडे निघाले. नदीला अजून पाणी होते, त्यामुळे शत्रू इतक्यात अलीकडे येणार नाही हा अंदाज वेडगळ नव्हता. अब्दालीने धोका पत्करला, माणसे वाहून गेली, पण फौज पार झाली. यानंतरची विचित्र मांडणी नकाशावर बोटाने दाखवल्याखेरीज कळत नाही: भाऊ अब्दाली आणि अफगाणिस्तान यांच्या मध्ये, अब्दाली भाऊ आणि पुणे यांच्या मध्ये. दोघांचाही घरी जाण्याचा रस्ता दुसऱ्याच्या छावणीतून जात होता. फरक एवढाच की दोआबातून रोहिल्यांचे धान्य अब्दालीला मिळत राहिले.

तेव्हा खेळाडूंचे उद्दिष्ट स्पष्ट होते. बागपतच्या उतारावर पहारा बसवा, एवढाच निरोप पुण्याहून भाऊंना ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी पोहोचवायचा. सोपे वाटते. इथून खेळ सुरू होतो.

पहिली अडचण तारखेची. १७६० च्या पुण्यात ‘ऑक्टोबर’ म्हणून भागणार नाही. शके १६८२, विक्रमनाम संवत्सर असे म्हणावे लागेल. सरकारी पत्रावर अरबी सुहूर सनही हवा, आणि तो अंकांत न लिहिता शब्दांत: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. पत्र मोडीत लिहावे लागेल. मोडीचे वर्ग पुण्यात आजही भरतात, म्हणून ज्या खेळाडूने आपल्या पात्राला ते कौशल्य दिले असेल त्याचा भाव पहिल्याच बैठकीत वधारतो. इतरांना कारकुनाला पैसे द्यावे लागतील. पैसे म्हणजे कोणते? निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत होते आणि सराफ बट्टा कापून घेत असे. खिशातली आजची नाणी दाखवलीच, तर संशय तेवढा वाढेल.

तारखेचाच आणखी एक सापळा आहे. पानिपताची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे सर्रास मानले जाते. नवखा सूत्रधार त्या सकाळी छावणीत तिळगुळाचा प्रसंग हमखास रंगवतो. हे चूक आहे. मकरसंक्रांत नाक्षत्र वर्षावर चालते आणि आपल्या दिनदर्शिकेत सुमारे साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १८६३ मध्ये ती १२ जानेवारीला होती, स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती. लढाई झाली त्या बुधवारी पौष शुद्ध अष्टमी होती. संक्रांतीला जे घडले ते त्याच्या आदल्या वर्षीचे: १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. लोकस्मृतीने दोन जानेवारी एकत्र केल्या. सूत्रधाराने मात्र त्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि जमल्यास एखाद्या खेळाडूला हा फरक स्वतः शोधू द्यावा.

दुसरी अडचण अंतराची. पुणे ते पानिपत सुमारे दीड हजार किलोमीटर. जासूद आणि सांडणीस्वार चांगल्या वेगाने, समजा, दिवसाला साठ किलोमीटर गेले, तरी पंचवीस दिवस लागतील. त्यात नद्या, पावसाळा आणि लुटारू आलेच. शिवाय शब्द सांकेतिक हवेत, कारण पत्र पकडले जाईल या हिशेबानेच लिहायचे असते. पानिपताची वार्ता पेशव्यांना मिळाली तीही एका सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या हिशेबाच्या भाषेत.

इथे फाशांविषयी दोन शब्द. या खेळात सहसा वीस बाजूंचा फासा वापरतात. त्यात प्रत्येक अंकाची शक्यता सारखीच, वीसात एक. पेशवाईतल्या मोहिमेसाठी सहा कवड्या अधिक योग्य. सारीपाटाची आठवण म्हणून नव्हे, तर गणित म्हणून. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सहा कवड्यांच्या ६४ मांडण्या होतात. सहाही उताण्या पडणे ६४ त एकदा, तीन उताण्या पडणे २० वेळा, आणि दोन ते चार पडणे ५० वेळा. बहुतेक वेळा मधलेच काहीतरी घडते, अद्भुत क्वचित. इतिहासही बहुतांशी असाच वागतो.

निरोपाचे चार टप्पे करावेत: पुणे ते नर्मदा, नर्मदा ते ग्वाल्हेर, तिथून दिल्ली, आणि दिल्लीहून छावणी. प्रत्येक टप्प्याला तीन किंवा अधिक कवड्या उताण्या पडल्या तर जासूद पुढे जातो. एका टप्प्याची शक्यता ६४ त ४२, जवळपास दोन-तृतीयांश. हे ऐकून खेळाडू सुखावतात. पण चारही टप्पे ओळीने पार पडण्याची शक्यता शंभरात अठरा-एकोणीसच आहे. नियम कडक नाही, अंतर कडक आहे. हे व्याख्यानात सांगून कळत नाही. तिसऱ्या टप्प्यावर दोनच कवड्या उताण्या पडल्यावर कळते.

मग पेशव्यांनाच गाठू, असे कोणी म्हणेल. गाठावे. पण डिसेंबरात पुण्यात गेलात, तर नानासाहेब तिथे नसतील. महिन्याच्या अखेरीस ते पैठणला आहेत, स्वतःच्या लग्नासाठी. त्यानंतर ते उत्तरेकडे निघतात आणि वाटेत ती बातमी त्यांना गाठते. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत होतो. लग्नाच्या या तपशिलावर आजही लोक संतापतात, आणि सूत्रधाराने त्या संतापाला जागा द्यावी. मात्र त्याच वेळी टेबलावर एक प्रश्न ठेवावा: छावणीतून पत्रेच नीट येत नसताना पैठणला बसलेल्या माणसाला नेमके काय ठाऊक होते?

पुण्यात वावरण्याचेही नियम आहेत. विश्रामबाग वाडा शोधू नये, तो दुसऱ्या बाजीरावाचा, चाळीसएक वर्षांनंतरचा. चहा मिळणार नाही. पाणी मात्र मिळेल, नानासाहेबांनी कात्रजहून आणलेल्या नळाचे. मिळेल, पण कोणाला? हौदावर कोण जाऊ शकतो, वाड्याच्या दारातून कोण आत जातो, कोणाशी कोण किती अंतरावरून बोलतो, हे सारे जातीने ठरलेले आहे. आजच्या टेबलाभोवती बसलेली पाच मित्रमंडळी तिथे एका पंगतीला बसू शकणार नाहीत. कित्येक सूत्रधार हा भाग गैरसोयीचा म्हणून गाळतात. गाळल्यास जे उरते ते पेशवाईच्या पोशाखातले स्नेहसंमेलन. तो भाग ठेवला तर एखादी खेळाडू शांतपणे म्हणू शकते की तिला पानिपत जिंकण्यात रस नाही, तिला पलीकडच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात, १८४८ मध्ये जायचे आहे. तिची ही निवड सूत्रधाराने विनोदावारी नेऊ नये. काळाचे दार सर्वांना एकाच दिशेला उघडावे असा नियम नाही.

आता मोहिमेचा कणा: कागदपत्रे. खेळाडूंना देण्याची माहितीपत्रे सूत्रधाराने कल्पनेने लिहू नयेत, साधनांच्या स्वभावानुसार बनवावीत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पत्र त्या क्षणी लिहिलेले असते, पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसते. बखर नंतर लिहिली जाते आणि तिला शेवट ठाऊक असतो, म्हणून तिच्यात शहाणपणाचे सल्ले आधीच दिलेले आढळतात. सूरजमल जाटाने बायकामुले आणि जड सामान मागे ठेवण्याचा सल्ला दिला आणि भाऊंनी तो तुच्छतेने झिडकारला, हा प्रसंग अशा रंगात आपल्यापर्यंत पोहोचला आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावरच्या आपल्या ग्रंथात भाऊंच्या माथी मारलेल्या दोषांची कसून झडती घेतली. एका खेळाडूला बखरीचा भाऊ द्यावा, दुसऱ्याला पत्रांतला. दोघांनी एकमेकांना पटवू द्यावे.

तिसरे साधन पलीकडच्या छावणीतले. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. मराठ्यांच्या तहाच्या बोलण्यांत तो मध्यस्थ होता आणि लढाईनंतर त्याने जे पाहिले ते पुढे फारसीत लिहून ठेवले. मराठी समजणारा माणूस शत्रूच्या गोटात, आणि इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या गोटात, अखेरपर्यंत लढून पकडला गेलेला आणि मारला गेलेला. समोरची फौज म्हणजे सरसकट राक्षस, अशी मांडणी या दोन पात्रांमुळे टिकत नाही. खेळाडूंपैकी एकाने काशीराज घ्यावाच. त्याच्याकडे सगळ्यांत अधिक माहिती आणि सगळ्यांत कमी अधिकार आहे.

आणखी एक साक्षीदार विसरू नये. बाळाजी जनार्दन, पुढचे नाना फडणवीस, त्या वेळी अठरा वर्षांचे होते. आई आणि पत्नीसह यात्रेसाठी म्हणून फौजेबरोबर गेले होते. ते कसेबसे निसटले, आई त्या गर्दीत कायमची हरवली. त्यांनी तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्ताचा भाग उपलब्ध आहे. न लढणारे यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर, बायकामुले या मोहिमेत आकडा म्हणून येता कामा नयेत. बागपतचा निरोप पोहोचला नाही, तर खेळाडूंकडे उरणारे काम तेवढेच: या लोकांपैकी काहींना जानेवारीआधी बाहेर काढणे. अनुभव असा की पहिल्या बैठकीत राज्य वाचवायला निघालेली टोळी चौथ्या बैठकीत एका बैलगाडीसाठी हुज्जत घालत असते. खेळ तिथेच सर्वाधिक रंगतो.

आता सर्वांत अवघड अडचण, आणि तिच्यासाठी पुण्याने एक खराखुरा दाखला ठेवला आहे. समजा खेळाडू भाऊंपर्यंत किंवा पेशव्यांपर्यंत पोहोचले. त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? दुसऱ्या काळातून आल्याचा दावा करणारा माणूस दारात उभा राहिला, तर पेशवाईचे पुणे त्याचे काय करते?

हे आपल्याला ठाऊक आहे, कारण असा माणूस आला होता.

भाऊंच्या मृत्यूविषयी लोकांची खात्री पटत नव्हती. धड आणि शिर वेगळे सापडले, ओळख पटवावी लागली, असे काशीराज सांगतो. इतक्या दूर पुण्यात बसलेल्यांना संशयाला जागा होती आणि आशेला त्याहून अधिक. पानिपतानंतर काही वर्षांतच उत्तरेत एक मनुष्य ‘मीच सदाशिवराव’ म्हणू लागला. त्याला पकडून माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ठरला आणि कैदेत पडला. प्रकरण तिथे संपले नाही. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक त्याच्याभोवती जमले. सवाई माधवराव त्या वेळी दोन वर्षांचे मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, आणि कारभार नाना फडणवीसांसारख्या मंडळींच्या हाती. पानिपताहून परतलेला भाऊ अशा वेळी कित्येकांना हवाच होता. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी बंड मोडले, पळणारा तोतया आंग्र्यांच्या हाती सापडला आणि वर्षअखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी यावर पुढे नाटक लिहिले.

या चौकशीकडे कालप्रवाशाच्या नजरेने पाहावे. १७६१ नंतरच्या पुण्यात ‘मला पानिपताचे सर्व ठाऊक आहे’ असे म्हणणारा अनोळखी माणूस म्हणजे तोतयाच. जितके अधिक तपशील सांगाल तितके कोणीतरी पढवून पाठवलेले ठराल. १७६० मध्ये तर त्याहून वाईट: जो पराभवाचे भाकीत करतो तो शत्रूचा हेर. ज्ञान आहे म्हणून अधिकार मिळत नाही. कोणाच्या पदरी आहात, कोण जामीन राहील, हे आधी विचारले जाईल.

म्हणून मोहिमेची पहिली बैठक पानिपतावर नको, १७७६ च्या पुण्यात असावी. खेळाडूंनी चौकशी करणाऱ्यांच्या भूमिका घ्याव्यात, सूत्रधाराने तोतयाची. त्याला कोणते प्रश्न विचारायचे, कोणते साक्षीदार बोलवायचे, वर्ण आणि व्रण यांवर किती भिस्त ठेवायची हे त्यांनीच ठरवावे. दुसऱ्या बैठकीत दार उघडते, साल १७६० होते, आणि तेच प्रश्न आता त्यांना विचारले जातात. आदल्या आठवड्यात जो खेळाडू सर्वांत कठोर होता त्याची पंचाईत पाहण्यासारखी असते.

उरला प्रश्न बदलाच्या नियमाचा. काही खेळांत भूतकाळ अढळ असतो, काहींत प्रत्येक बदलाने नवे जग फुटते, नारळीकरांच्या कथेसारखे. पानिपतासाठी तिसरा नियम बरा: बदल शक्य आहे, पण बाकीचे जग थांबून राहत नाही. समजा भाऊ जिंकले. प्लासी १७५७ मध्येच होऊन गेली आहे. पानिपतानंतर दोनच दिवसांत इकडे दक्षिणेत पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडते, आणि ते काही भाऊंच्या विजयाने टळत नाही. फौजेचा पगार थकलेला आहे, पेशव्यांवर कर्ज आहे, नानासाहेब आजारी आहेत, राघोबादादांची महत्त्वाकांक्षा शाबूत आहे. उलट, हरूनही दहाच वर्षांत, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या आणि पुढच्या जानेवारीत शाहआलम त्यांच्या संरक्षणाखाली तख्तावर परतला. पानिपताने सर्व संपले हे वाक्य जितके ऐकू येते तितके ते खरे नाही. पण ज्यांची माणसे परत आली नाहीत त्यांना या दहा वर्षांचा हिशेब सांगून उपयोग नव्हता, आणि खेळात ही दुसरी बाजू आणण्यासाठी एकच पात्र पुरेसे आहे.

पार्वतीबाई. भाऊंच्या पत्नी. त्या पानिपतावर होत्या आणि जिवंत परतल्या. पती मेला हे त्यांनी मान्य केले नाही, वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. १७८३ पर्यंत, बावीस वर्षे, त्या तशाच राहिल्या. तोतयाचे बंड त्यांच्या हयातीत उठले आणि मोडले.

हे पात्र कोणत्याही खेळाडूला देऊ नये, सूत्रधाराने स्वतःकडे ठेवावे. शेवटच्या बैठकीत, निरोप पोहोचलेला नसताना, बैलगाड्यांतून वाचलेले मूठभर लोक पुण्यात आलेले असताना, खेळाडूंना त्यांच्यासमोर उभे करावे. खेळाडूंना सगळे ठाऊक आहे: काशीराज, धड, शिर, तारीख, तिथी. पार्वतीबाई एवढेच विचारतील की तुम्ही तिकडून आलात, तर त्यांना पाहिलेत का.

या उत्तरासाठी कवड्या टाकायच्या नाहीत.